परसातल्या दहा-पंधरा कोंबड्यांसाठी कोणती जात घ्यावी?

प्रश्न असा आहे: चिपळूणजवळचे गाव, घरामागे चारेक गुंठे मोकळी जागा, घरात चार माणसे. रोजची अंडी घरची हवीत, सणाला किंवा पाहुणा आला तर कोंबडा घरचा हवा, आणि दर वर्षी पिल्ले विकत आणावी लागू नयेत. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी, कडकनाथ, बीव्ही ३८० अशी नावे ऐकली आहेत. यांतली नेमकी कोणती घ्यावी?

तिन्ही मागण्या रास्त आहेत. पण पहिली आणि तिसरी एकाच कोंबडीकडून पुरी होत नाही, आणि जात निवडताना बहुतेकांची फसगत इथेच होते. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणे सोडून ती उबवायला बसली, की तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडाशय आक्रसतो आणि अंडी थांबतात. गावरान कोंबडी १२ ते १५ अंडी घालते, २१ दिवस बसते, मग पिल्ले घेऊन दीड-दोन महिने हिंडते आणि त्यानंतर पुन्हा अंड्यावर येते. वर्षात अशा तीन-चार खेपा होतात, म्हणून तिची अंडी वर्षाला ५०-६० च्या आसपासच राहतात. ज्या कोंबड्या दीडशे-दोनशे अंडी देतात, त्यांच्यातून पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खुडूक होण्याचा गुण जवळजवळ काढून टाकलेला आहे. त्यामुळे ‘भरपूर अंडीही देते आणि स्वतः पिल्लेही काढते’ असे सांगून कोणी पिल्ले विकत असेल, तर त्याला कोंबडीचे ज्ञान नाही किंवा तो खरे सांगत नाही.

म्हणून माझा सल्ला एका जातीचा नाही, जोडीचा आहे. अंड्यांसाठी ८-९ ग्रामप्रिया आणि पिल्ले उबवण्यासाठी तुमच्याच गावातल्या २-३ गावरान कोंबड्या. सोबत एकच कोंबडा. तो कोणता ठेवायचा, ते पुढे सांगतो.

आधी अंड्यांचा हिशेब. चार माणसांना रोज ४ अंडी म्हणजे वर्षाला १,४६० अंडी. गावरान कोंबडीची ६० धरली तर २४ कोंबड्या लागतील. तेवढ्या चार गुंठ्यांत मोकळ्या सोडल्या तर दोन महिन्यांत गवताची काडी उरणार नाही. ग्रामप्रिया मोकळी फिरून आणि वरून थोडे खाद्य खाऊन १६० ते १८० देते, म्हणजे ९ कोंबड्या पुरतात. बीव्ही ३८० ही पूर्ण खाद्यावर ठेवलेली लेयर (केवळ अंड्यांसाठी पाळायची) कोंबडी पहिल्या वर्षात २८०-३०० च्या घरात जाते, म्हणजे ५ कोंबड्या.

हा शेवटचा आकडा पाहून मोह होतो. बीव्ही ३८० वाईट कोंबडी नाही, पण ती पिंजऱ्यातल्या व्यवसायासाठी तयार केलेली आहे. तिला रोज ११० ग्रॅमच्या आसपास तयार लेयर खाद्य लागते. त्यात प्रथिने १६-१७ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या वर हवे. ती परसात आणून भात, कोंडा आणि भाजीच्या देठांवर ठेवली की ठराविक क्रमाने बिघाड होतो. आधी अंड्याचे कवच पातळ होते. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम वापरू लागते आणि तिचे पाय लटपटतात. प्रथिने कमी पडली की त्या एकमेकींची पिसे उपटतात, रक्त दिसले की टोचून मारतातही. काहींची गुदद्वाराची बाजू बाहेर येते आणि त्या दगावतात. शिवाय अनेक हॅचऱ्या या पक्ष्यांची चोच कापून देतात. चोच कापलेल्या कोंबडीला किडा टिपता येत नाही आणि गवताचे कोवळे शेंडे खुडता येत नाहीत, म्हणजे मोकळ्या जागेचा तिला अर्धाच उपयोग. ज्यांना गॅलरीत किंवा बंद जाळीत ४-५ कोंबड्या ठेवायच्या आहेत आणि तयार खाद्य विकत घ्यायची तयारी आहे, त्यांनी बीव्ही ३८० जरूर घ्यावी. तुमच्या परसासाठी नको.

ग्रामप्रिया ही हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच तयार केलेली संकरित कोंबडी आहे. तिची मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे अंगाचा हलकेपणा. मादी पावणेदोन किलोच्या आसपास राहते, पळते, उडून भिंतीवर चढते, मुंगूस दिसले तर स्वतःचा जीव वाचवते. पिसे रंगीत असल्याने घारीच्या नजरेत पांढऱ्या कोंबडीइतकी पटकन येत नाही. अंडे तपकिरी असते, गावरान अंड्यापेक्षा मोठे. साडेपाच महिन्यांच्या सुमारास ती अंड्यावर येते. नर १५ आठवड्यांत सव्वा ते दीड किलोचा होतो. म्हणजे घरच्या कोंबड्याची तुमची मागणी वेगळी जात न घेताही भागते.

वनराज ही त्याच संस्थेची, पण मांसाकडे झुकलेली. अंडी १००-११०. वजन लवकर चढते. पाय लांब असल्याने तिचे वजन असूनही ती बरीच चपळ राहते. तिच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे प्रेमाने जास्त खाऊ घालणे. दीड महिन्यांनंतरही तिला मनसोक्त खाद्य दिले की सहाव्या महिन्यात ती तीन किलोची होते, पोटात चरबी साठते आणि अंडी ५०-६० वर येतात. मग लोक जातीला दोष देतात. सहा आठवड्यांपर्यंत भरपूर खाद्य द्या. त्यानंतर दिवसा बाहेर चरू द्या आणि संध्याकाळी मोजून मूठ-दीड मूठ धान्य द्या. अंड्यावर येताना मादी सव्वादोन ते अडीच किलोच्या पुढे जाता कामा नये. महिन्यातून एकदा दोन-तीन कोंबड्या काट्यावर तोलून पाहा. हाताने उचलून अंदाज घेतला तर पिसाऱ्यामुळे तो चुकतो. घरात अंड्यांपेक्षा कोंबडीच्या मांसाचा खप जास्त असेल तर ग्रामप्रियेच्या जागी वनराज घ्या. दोन्हींच्या मधले काही हवे असेल तर त्याच संस्थेची श्रीनिधी आहे, १४०-१५० अंड्यांची.

गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८९ मध्ये दिली. महाराष्ट्रात परसातल्या सुधारित कोंबडीला अजूनही सरसकट ‘गिरिराज’ म्हणतात, त्यामुळे त्या नावाखाली काहीही विकले जाते. खरी गिरिराज भारी अंगाची असते. कोंबडा वर्षभरात चार किलोपर्यंत जातो. घारीला मोठी गिरिराज उचलता येत नाही, हा फायदा. पण कुत्र्यापासून पळायला ती संथ आहे आणि खाते खूप. चांगल्या खाद्यावर अंडी १३०-१५० देते. परसातल्या तुटपुंज्या खाद्यावर तेवढी अपेक्षा धरू नका. कावेरी ही केंद्र सरकारच्या, बंगळूरजवळच्या हेसरघट्टा केंद्राची आणि अंड्यांच्या बाबतीत ग्रामप्रियेच्या जवळपास. ग्रामप्रियेची पिल्ले मिळाली नाहीत तर बिनधास्त कावेरी घ्या.

आता एक मुद्दा, जो विकणारे सांगत नाहीत. वनराज, ग्रामप्रिया, श्रीनिधी, गिरिराज, कावेरी हे सगळे संकर आहेत. ठरलेल्या नर-वंशाचा आणि ठरलेल्या मादी-वंशाचा मेळ घालून ते दर वेळी नव्याने तयार होतात. तुमच्या ग्रामप्रियेच्या अंड्यांतून ग्रामप्रियेच्याच कोंबड्याची पिल्ले काढलीत तर ती कोंबड्या-कोंबडेच होतील, पण आईइतकी अंडी देणार नाहीत; काही लहान, काही मोठी, रंगही वेगवेगळे, आणि पुढच्या पिढीत घसरण आणखी. हैदराबादची संस्थाही अशी पुढची पैदास करू नका असेच सांगते. म्हणून ‘दर वर्षी पिल्ले विकत आणायची नाहीत’ ही मागणी थोडी बदलून घ्या. अंड्यांच्या कोंबड्या दोन वर्षांतून एकदा विकत आणायच्या आणि खाण्यासाठीची पिल्ले घरी काढायची. त्या घरच्या पिल्लांतल्या माद्यांनी अंडी कमी दिली तरी काही बिघडत नाही, कारण ती मुळात मांसासाठी आहेत.

ज्यांना काहीही झाले तरी पैदास घरचीच हवी, त्यांच्यासाठी ऱ्होड आयलंड रेड ही शुद्ध जात आहे. गडद तांबूस-तपकिरी रंगाची, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडची, भारतात शंभर टक्के रुळलेली. शुद्ध असल्याने पिल्ले आई-बापासारखी निघतात. बऱ्या खाद्यावर दीडशेच्या पुढे अंडी देते, पण क्वचितच खुडूक होते, म्हणून उबवायला गावरान कोंबडी इथेही लागतेच. नर आक्रमक होऊ शकतो. लहान मुले असलेल्या घरात मारका कोंबडा ठेवू नका, त्याची आर (पायावरचा टोकदार काटा) डोळ्याला लागते.

गावरान कोंबडीबद्दल. बाजारात जास्त पैसे मोजून ‘शुद्ध गावरान’ शोधत बसण्यापेक्षा शेजारच्या वाडीत जा आणि ‘सगळी पिल्ले वाढवणारी कोंबडी कोणाकडे आहे?’ असे विचारा. बायकांना हे नेमके ठाऊक असते. मागच्या खेपेला १० पिल्लांतली ७-८ मोठी केलेली कोंबडी दिसायला कशीही असली तरी सोन्यासारखी. मध्यम अंगाची घ्या. फार भारी कोंबडी अंडी फोडते. फार लहान असेल तर ८ अंड्यांच्या वर पंखाखाली घेऊ शकत नाही. घेतल्यावर तिला आपल्या कोंबड्यांत लगेच सोडू नका; तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली किंवा खोपटात ठेवा, पंखांखाली आणि शेपटीजवळ पिसवा-गोचीड पाहा, जंताचे औषध द्या. मानमोडी (राणीखेत रोग) एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अशी आणलेली एक कोंबडी.

नंदुरबार-नवापूरच्या पट्ट्यात आणि लगतच्या गुजरातेत बुसरा नावाची नोंदणीकृत देशी जात आहे. अंडी ४०-५५ च्या आसपास, अंग लहान, पण काटक आणि पिल्लांची चांगली आई. त्या भागातल्या कोणी हाच प्रश्न विचारला असता तर उबवणीसाठी मी बुसराच सांगितली असती. कोकणात मात्र तुमच्या पावसात वाढलेली कोंबडीच बरी.

कडकनाथाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यात लोकांचे पैसे बुडाले आहेत. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातली जुनी आणि खरोखर चांगली देशी जात आहे. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिच्या आकड्यांकडे पाहा: अंडी ८०-१००, वजन सव्वा-दीड किलो आणि तेही पाच-सहा महिन्यांत. घरगुती अंड्यांसाठी हा हिशेब बसत नाही. ती फारशी खुडूकही होत नाही, म्हणजे उबवणीलाही भरवशाची नाही. तिचे अंडे काळे नसते, फिकट तपकिरी किंवा दुधट असते. काळे अंडे दाखवणारा माणूस रंग लावून दाखवतो आहे. पिल्ले किंवा पक्षी घेताना फक्त पिसे पाहू नका. तुरा, गालाखालचे लोलक, तोंडाच्या आतला भाग, कातडी, पाय आणि तळवे, सगळे काळपट-निळसर हवे. काळी ऑस्ट्रालॉर्प कोंबडी कडकनाथ म्हणून सर्रास खपवली जाते. तिचा तुरा लालभडक असतो आणि तळवे पांढरट असतात. पाय उचलून पाहिला की दोन सेकंदांत कळते. कडकनाथ बाजारासाठी पाळायचा असेल तर ग्राहक आधी पक्का करा. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून जो कडकनाथ घोटाळा उघड झाला, त्यात हाच सापळा होता: पिल्ले आमच्याकडून घ्या, अंडी आणि कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ. परत खरेदीच्या आश्वासनावर कोणतीही जात घेऊ नका.

असील घरगुती कळपात नकोच. मादी उत्तम आई असते, अंगणात साप आला तरी पिल्ले सोडत नाही, पण दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत आणि माद्याही इतरांना टोचून हैराण करतात. अंडीही कमीच. सिल्की, ब्रह्मा, कोचीन अशा शोभेच्या कोंबड्या हल्ली ऑनलाइन फार दिसतात. सिल्कीची पिसे पाणी झटकत नाहीत आणि ब्रह्मा-कोचीनच्या पायांवर पिसे असतात. कोकणातल्या जूनमध्ये ती पिसे चिखलाने माखतात, बोटांच्या बेचक्यात जखमा होतात. देशावरच्या कोरड्या भागात हौस म्हणून ठेवायला हरकत नाही. विदर्भात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे उघड्या मानेच्या कोंबड्या खरोखर कामाच्या आहेत. मानेवर पिसे नसल्याने अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते आणि इतर कोंबड्या धापा टाकत असताना त्या चरत असतात. तुमच्याकडे उन्हापेक्षा ओल आणि शिकारी प्राणी हे मोठे शत्रू आहेत, म्हणून तो गुण तुम्हाला विशेष लागणार नाही.

जत्रेत आणि रस्त्यावर गुलाबी-हिरव्या रंगात रंगवलेली पिल्ले मिळतात, त्यांची गणती जातीत करूच नका. ती बहुधा लेयर हॅचरीने टाकून दिलेली नर पिल्ले असतात. अंडी देणार नाहीत, वजन धरणार नाहीत, आणि लस न टोचल्यामुळे सोबत रोग आणतील.

आता कोंबडा. अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागत नाही. शेजाऱ्यांना पहाटेच्या आरवण्याचा त्रास असेल तर ठेवूही नका, फलित अंडी बाहेरून आणता येतात. ठेवायचा असेल तर ८-१० माद्यांमागे एक. दोन ठेवले तर ते भांडतात आणि माद्यांच्या पाठीची पिसे जातात. ग्रामप्रियेचे जादा नर चौथ्या महिन्याच्या आसपास खाऊन टाका आणि कायमचा कोंबडा म्हणून ऱ्होड आयलंड रेड किंवा अंगाने चांगला गावरान ठेवा. ऱ्होड आयलंड रेडचा नर आणि गावरान मादी यांची पिल्ले लवकर वाढतात, त्यांतल्या माद्या गावरानपेक्षा जास्त अंडी देतात आणि काटकही असतात. मात्र खुडूकपणा त्यांच्यात कमी होतो, म्हणून उबवणीच्या गावरान कोंबड्यांची बदली पुन्हा शुद्ध गावरानमधूनच करा. दर दोन वर्षांनी कोंबडा बदला. बापाचा मुलींशी संबंध येऊ लागला की अंड्यांतून पिल्ले कमी निघतात आणि निघालेली किरकिरी असतात. गिरिराज किंवा वनराजचा चार किलोचा नर सव्वा किलोच्या गावरान कोंबड्यांवर सोडू नका. कोंबडीची पाठ फाटते, कधी कुशीत आर घुसून जखम होते आणि त्या जखमेत अळ्या पडतात.

किती पिल्ले आणायची? सरकारी केंद्रांतून आणि बहुतेक हॅचऱ्यांतून परसातल्या जातींची पिल्ले नर-मादी न निवडता मिळतात. म्हणजे साधारण निम्मे नर. ९ माद्या हव्या असतील तर २० पिल्ले घ्या: दोन दगावली तर १८ उरतील, त्यांत ९ च्या आसपास माद्या. पहिल्यांदाच पाळत असाल तर एका दिवसाची पिल्ले न घेता ४ ते ६ आठवड्यांची, लसी दिलेली पिल्ले घ्या. महाग पडतात, पण सर्वांत नाजूक काळ टळतो. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्यात खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. केंद्र सरकारचे कुक्कुट विकास केंद्र मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत आहे. तुम्हाला कोल्हापूर सोयीचे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारा. काही केंद्रे पिल्ले वाढवून देतात. कुठूनही घ्या, पण चार गोष्टी विचारा: पिल्ले कोणत्या तारखेला निघाली, मरेक्स रोगाची लस पहिल्या दिवशी दिली का, लासोटा (मानमोडीची लस) आणि गंबोरो रोगाची लस कोणत्या तारखेला दिली, आणि आई-बाप कोणते. शेवटच्या प्रश्नावर ‘गावरान क्रॉस’ एवढेच उत्तर आले तर तिथून उठा. एका दिवसाचे चांगले पिल्लू ३५ ग्रॅमच्या आसपास असते, बेंबी सुकलेली असते, आडवे ठेवले तर लगेच उभे राहते आणि पार्श्वभाग स्वच्छ असतो.

या जोडीच्या कळपाचा खरा फायदा पुढे आहे. गावरान कोंबडी खुडूक झाली की तिला दोन कामे देता येतात. पहिले नेहमीचे: सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, स्वच्छ फलित अंडी खाली ठेवणे. ग्रामप्रियेची अंडी मोठी असतात, म्हणून गावरान १२ घेते तिथे ही ९-१० च ठेवा. बसवण्यापूर्वी तिला राखेत-मातीत लोळू द्या, नाहीतर पिसवांनी त्रासून ती पंधराव्या दिवशी उठते. सातव्या दिवशी रात्री बॅटरीवर अंडी धरून पाहा. लाल शिरांचे जाळे दिसले तर ठीक, कोरी दिसली ती काढा. दुसरे काम फार कमी लोक करतात, पण फार उपयोगी आहे. हॅचरीच्या पिल्लांची तारीख ठरली की तिला तीनेक आठवडे बिनफलित अंड्यांवर बसवून ठेवायचे. पिल्ले आली की रात्री अंधारात एकेक अंडे काढून त्याच्या जागी एकेक पिल्लू सरकवायचे. पिल्ले दोन दिवसांच्या आतली हवीत, आणि एका कोंबडीखाली १२ च्या वर नकोत. पहाटे ती ‘क्लक-क्लक’ करत त्यांना दाणे दाखवू लागली की काम झाले. टोचू लागली तर लगेच काढून बल्बखाली घ्या. हे जमले तर बल्ब, विजेचे जाणे-येणे, पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरणे ही सगळी भानगड वाचते. या पिल्लांनाही लसी मात्र चुकवायच्या नाहीत.

बल्बवरच वाढवायची असतील तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहा: बल्बखाली गर्दी केली तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडली तर उष्णता जास्त, सगळीकडे पसरून चरत असतील तर बरोबर.

लसींचा क्रम कोणत्याही जातीला तोच: पहिल्या दिवशी मरेक्स, पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवी, आठव्या आठवड्यात आरटूबी (मानमोडीचीच पुढची लस) टोचून. लसीची कुपी शंभर मात्रांपासून पुढे येते आणि फोडली की दोन तासांत वापरावी लागते. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणली तर खर्चही वाटला जातो आणि सगळ्यांची पाखरे सुरक्षित राहतात. ‘मानमोडीने गावरान कोंबडीला काही होत नाही’ हा समज सर्वांत घातक. लस नसेल तर मानमोडी गावरान आणि सुधारित दोघींनाही सारखीच नेते.

जवळपास व्यावसायिक पोल्ट्री असेल आणि घरातले कोणी तिथे कामाला असेल तर घरी कोंबड्या पाळू नका; एकीकडचा रोग दुसरीकडे पोहोचतो. २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा परिसरातल्या घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.

खाद्याचे प्रमाण जातीप्रमाणे बदलते. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या ग्रामप्रियेला अंड्याच्या काळात वरून ५०-६० ग्रॅम द्या, पावसाच्या झडीत बाहेर सोडता येत नसेल तर पूर्ण ११० ग्रॅम. १० किलो घरगुती मिश्रणासाठी भरडलेला मका ५ किलो, सोयाबीन पेंड २ किलो, तांदळाचा कोंडा २ किलो २०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ६०० ग्रॅम, खनिज मिश्रण दीडशे ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. यात प्रथिने १६ टक्क्यांच्या आसपास बसतात. कोकणात शिंपले फुकट मिळतात. ते धुऊन, वाळवून, तांदळाच्या दाण्याएवढे कुटून वेगळ्या भांड्यातही ठेवा, कोंबडी लागेल तेवढे खाते. कोंडा ताजाच वापरा, खवट झालेला नको. बुरशी आलेला मका तर अजिबात नको; त्यातल्या विषाने यकृत जाते आणि कोंबड्या रोग नसताना एकेक करून मरतात. हे मिश्रण लहान पिल्लांना देऊ नका, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक पक्ष्याला दीड ते दोन चौरस फूट जागा, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, आणि जाळी अर्ध्या इंचाची. मोठ्या भोकाच्या जाळीतून मुंगूस आणि धामण आत शिरतात, उदमांजर पंजा घालून मान ओढते. दर ४-५ माद्यांमागे एक फूटभर लांब-रुंद अंडी घालायची पेटी. गावरान कोंबडी खुडूक होऊन ती पेटी अडवते आणि मग ग्रामप्रिया भलतीकडेच अंडी घालू लागतात. म्हणून खुडूक कोंबडीची जागा पहिल्यापासून वेगळी करा. बसवायची नसेल तेव्हा तिला तळाला जाळी असलेल्या, टांगलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणा-पाणी देऊन ठेवा. पोटाखालून वारा लागला की खुडूकपणा जातो. पाण्यात बुडवणे किंवा नाकपुडीत पीस घालणे हे उपाय करू नका. त्यांनी कोंबडीला फक्त इजा होते.

पिल्ले कधी आणायची, यालाही जातीइतकेच महत्त्व आहे. जून-जुलैत आणलेली पिल्ले ओल्या तुसावर रक्ती हगवणीने जातात, मग जात कोणतीही असो. तुमच्याकडे पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणा. ती मार्चच्या मध्यावर, दिवस मोठे होत असताना अंड्यावर येतील आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत अंगाने पक्की झालेली असतील. उबवणी केंद्रांत त्या काळात मागणी जास्त असते, म्हणून नोंदणी ऑगस्टमध्येच करून ठेवा आणि त्याच वेळी गावरान कोंबड्या आणून वेगळ्या ठेवा, म्हणजे पिल्ले येईपर्यंत एखादी तरी खुडूक झालेली असेल.